बेंचमागची जागा

अगं, मावशीशी बोलणं झालं माझं. तू खोलीचं दार लावून बसतेस, भरल्या ताटावरून उठतेस, आणि क्लबच्या सरांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शिकवायला ये म्हटलं तर “मी काय आता पोरींच्या उड्या मोजत बसू?” असं फाडकन बोललीस म्हणे. मावशीला ते फार लागलं. मला मात्र ऐकून हायसं वाटलं. तोंड चालू आहे ना, मग पोरगी शाबूत आहे.

घाबरू नकोस, ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असलं काही मी बोलणार नाही. गुडघ्यातलं लिगामेंट दुसऱ्यांदा फाटणं कुणाच्याच चांगल्यासाठी नसतं. जिच्या हातात घोटा सापडला की चढाईला आलेली पोरगी सुटायची नाही, अशा कोपरारक्षकाला एकविसाव्या वर्षी डॉक्टर ‘मॅट आता बंद’ म्हणतात, ही वाईटच गोष्ट आहे. पण तसं म्हणायला आपल्या घरात कुणी तयार नाही. आत्याला तुझ्या लग्नाचं सुचलं, काकांना नोकरीचं, सरांना कोचिंगचं. सगळ्यांना पुढच्या पानावर जायची घाई. तू हवं तेवढं रडून घे बाई. मी विचारणार नाही, झालं का म्हणून.

फक्त तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. “ज्याला खेळता येत नाही तो शिकवतो, ताई.” हे तू मला मेसेजमध्ये लिहिलंस. त्यावर मला बोलायचंय, आणि त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगायचीय. त्यानं कबड्डी कधी पाहिलीही नसेल. तो बर्फावरच्या हॉकीतला आहे.

मी बॉस्टनमध्ये राहते, म्हणजे हिवाळ्यात हा खेळ टाळणं अशक्यच. ऑफिसात, बसमध्ये, सलूनमध्ये, जिथं बघावं तिथं ब्रुइन्स, इथला संघ. आधी मला काही कळायचं नाही. दोन्हीकडून सहा-सहा जण, त्यातला एकेक गोलरक्षक. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती, पक म्हणतात तिला. इतका दमवणारा खेळ की खेळाडू पाऊण-एक मिनिटात बदलतात, तेही खेळ न थांबता. बाहेरचे कठड्यावरून उडी टाकून आत, आतले धापा टाकत बाहेर. आणि बाकावर बसलेल्यांच्या मागं, सूट-टाय घालून, च्युइंगम चघळत उभा असतो तो कोच. त्याला सामनाभर स्वतःच्या माणसांच्या पाठी दिसतात. समोरच्यांची सगळ्यात तगडी फळी बर्फावर आली की आपली कुठली पाठवायची, कोण दमलाय, कोण चिडलाय, कुणाला आत्ता हात लावायचा नाही, हे सगळं त्या पाठींवरून ओळखायचं. पुढं पुढं मी पक बघायचं सोडून त्या बेंचमागच्या माणसाकडेच बघायला लागले. त्या वर्षांत तिथं उभा असायचा ब्रूस कॅसिडी.

हा मूळचा कॅनडातल्या ऑटावाचा, १९६५चा जन्म. लहानपणी त्याचा देव म्हणजे बॉबी ऑर, ब्रुइन्सचा बचावपटू. बचावात उभं राहून हल्ला कसा करायचा हे ज्यानं जगाला दाखवलं तो. कॅसिडीही तसाच घडला. गावच्याच ऑटावा सिक्स्टीसेव्हन्स या ज्युनिअर संघात, ब्रायन किलरी नावाच्या खमक्या कोचच्या हाताखाली, १९८२-८३च्या हंगामात त्यानं स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास धरून शंभराच्या वर गुण केले. बचावपटूनं, सतराव्या वर्षी! त्या लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच. १९८३मध्ये एनएचएल या इथल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, शिकागो ब्लॅकहॉक्सनं त्याला पहिल्याच फेरीत, अठराव्या क्रमांकावर घेतलं. १९८४च्या मे महिन्यात त्याच्या संघानं मेमोरियल कप जिंकला. कॅनडात ज्युनिअर हॉकीत त्याहून मोठं काही नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, हातात कप, शिकागो वाट बघतंय.

त्याच उन्हाळ्यात बॉल हॉकी खेळताना त्याचा गुडघा गेला. बॉल हॉकी म्हणजे बर्फ नाही, पक नाही, साधे बूट घालून चेंडूनं खेळायची ती. सुट्टीतला खेळ गं! एसीएल फाटलं. तुझंच लिगामेंट. तेव्हा आजच्यासारख्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया रुळलेल्या नव्हत्या. गुडघा उघडायचा, आणि मग नशीब. तू म्हणालीस ना, “निदान नॅशनलला तुटलं असतं तरी चाललं असतं, सरावात काय तुटायचं?” त्याचं तर सरावातसुद्धा नाही तुटलं.

पुढची वर्षं तो शिकागोच्या संघात आत-बाहेर करत राहिला. पुन्हा गुडघा, पुन्हा शस्त्रक्रिया. सहा हंगामांत मिळून एनएचएलचे ३६ सामने. तेव्हा एका हंगामातच ८० असायचे, म्हणजे अर्धा हंगामही भरला नाही. गोल चार. मग तो इटलीत खेळला, जर्मनीत खेळला, परत येऊन इंडियानापोलिसला खालच्या लीगमध्ये खेळला. मला त्याच्या गोष्टीतला हा तुकडा फार आवडतो, आणि सांगणारे नेमका तोच एका ओळीत उरकतात. ज्या मुलाला मोठ्यांनी पुढचा कोण-कोण म्हणून डोक्यावर घेतलं होतं, तो आल्प्समधल्या छोट्या रिंकवर, जिथं त्याचं नाव कुणाला माहीत नाही तिथं खेळत राहिला, कारण त्याला खेळायचं होतं. गुडघा फाटल्यापासून कोच होईपर्यंत मध्ये बारा वर्षं गेली. तुला डॉक्टरांनी सांगून एक पावसाळासुद्धा झाला नाही. तेव्हा सरांना ‘आत्ता नको’ म्हणायचं असेल तर म्हण, पण त्यांच्यावर खेकसू नकोस.

१९९६मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याला पहिली कोचची नोकरी मिळाली ती फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला. समुद्रकिनारा, नारळाच्या जातीची झाडं, घामाच्या धारा, आणि तिथं आइस हॉकी. संघाचं नाव लिझर्ड किंग्ज. हसू नकोस, खरंच! व्यावसायिक हॉकीच्या उतरंडीतली ही तळाची पायरी. रात्रभर बसनं जायचं, सकाळी उतरून खेळायचं, खेळाडूंना पगार बेताचा. तिथून इंडियानापोलिस, ट्रेंटन, ग्रँड रॅपिड्स, अशी गावं बदलत गेला. २००२मध्ये अमेरिकन हॉकी लीगचा सर्वोत्तम कोच म्हणून त्याचा गौरव झाला, आणि त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन कॅपिटल्सनं त्याला मुख्य कोच केलं. वय सदतीस. संघात यारोमिर यागर, म्हणजे त्या काळातला बर्फावरचा राजाच.

आता इथं गोष्ट संपवता आली असती नाही? गुडघा गेला, हिंमत धरली, कोच झाला, टाळ्या. शाळेच्या गॅदरिंगमध्ये अशाच संपवतात. पण झालं काय, पहिल्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, टँपा बेच्या संघाविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून पुढचे चार ओळीनं हरले. दुसऱ्या वर्षी सुरुवातच वाईट, आणि डिसेंबर २००३मध्ये त्याला काढून टाकलं. आपली तेव्हा पुरती तयारी झालेली नव्हती, हे त्यानं पुढं मोकळेपणानं सांगितलंय. मला यात आणखी काहीतरी दिसतं. माझा आपला अंदाज हं. ज्या जागेवर आपण पोचायला हवं होतं तिथं बसलेल्या माणसाला ‘तू चुकतोयस’ म्हणणं सोपं नसतं. स्वतःचं दुखणं आत ओलं असेल तर एक तर तू त्या माणसापुढं दबशील, नाही तर उगाच त्याच्यावर डाफरशील.

म्हणून मला तुझी एवढीच काळजी वाटते. तू शिकवायला जाशील की नाही याची नाही. जाशील तेव्हा त्या बारा वर्षांच्या पोरीकडे बघून ‘हिला गुडघा आहे आणि मला नाही’ असं मनात येईल, त्याचं तू काय करशील? येईलच ते. मनात आलं म्हणून तू वाईट ठरत नाहीस. फक्त ते त्या पोरीच्या अंगावर काढायचं नाही. मला फोन कर, उशी बदड, काहीही कर.

कॅसिडीकडे परत येते. वॉशिंग्टननंतर एनएचएलमध्ये पुन्हा मुख्य कोच व्हायला त्याला तेरा वर्षं लागली. मधल्या काळात शिकागोत सहायक झाला, मग किंग्स्टनला ज्युनिअर पोरांना शिकवायला गेला, तिथूनही त्याला काढलं. २००८मध्ये ब्रुइन्सच्या हाताखालच्या प्रॉव्हिडन्सच्या संघात तो आला, तेही सहायक म्हणून. एकेकाळचा एनएचएलचा मुख्य कोच, आता दुय्यम लीगमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली. प्रॉव्हिडन्स इथून तासाभरावर आहे. मोठ्या संघात जायची वाट बघणारी पोरं तिथं असतात, आणि वरून परत पाठवलेली, तोंड पाडून बसलेलीही असतात. २०११मध्ये तो त्यांचा मुख्य कोच झाला आणि पाच वर्षं टिकून राहिला.

तिथं त्याच्या हाताखाली टोरी क्रुग नावाचा एक पोरगा होता. उंची पाच फूट नऊ इंच. या खेळात बचावपटूला ती बुटकीच म्हणतात. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. पण हल्ला करायची हौस भारी. असल्या पोराला बहुतेक ठिकाणी पहिली ताकीद मिळते, मागं राहा, उगाच पुढं जाऊ नकोस. कॅसिडी स्वतः तसाच खेळायचा, त्याला या मुलाच्या पायात काय आहे ते कळत होतं. केव्हा जायचं आणि केव्हा नाही, एवढंच शिकवायचं होतं. २०१३च्या प्लेऑफमध्ये क्रुगला वर बोलावलं आणि न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या पाच सामन्यांत त्यानं चार गोल केले. तू मला म्हणालीस, खेळता येत नाही तो शिकवतो. अगं, कॅसिडीला खेळता येतच होतं की! गुडघ्यातलं गेलं होतं, डोक्यातलं नाही. आणि डोक्यातलं दुसऱ्याच्या पायात उतरवायला वेगळी अक्कल लागते. ती त्याला बचावपटू म्हणून आपोआप मिळाली नाही, जॅक्सनव्हिलपासून प्रॉव्हिडन्सपर्यंत घासून मिळवावी लागली.

तुझ्याकडे त्यातलं थोडं आधीपासून आहे, हे तुला माहीत नाही. तू बाद होऊन बाहेर बसायचीस ना, तेव्हाही तुझं तोंड बंद नसायचं. ‘ही बोनसलाच जाणार, उजवीकडून येईल, कव्हरनं थांब.’ मी तुझे दोन-तीनच सामने पाहिलेत, पण तू बोलायचीस तसंच व्हायचं. मावशी माझ्या शेजारी बसून म्हणायची, किती आरडाओरडा करते ही.

फेब्रुवारी २०१७मध्ये ब्रुइन्सनं आपला कोच काढला आणि हंगामापुरता म्हणून कॅसिडीला उभं केलं. हंगामापुरता आलेला माणूस पाच वर्षांहून जास्त राहिला, आणि दर वर्षी संघ प्लेऑफला गेला. २०१९मध्ये स्टॅनली कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि तो सामना इथं, स्वतःच्या घरच्या बर्फावर, सेंट लुईसकडून ४-१नं हरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मयत झाल्यासारखं वातावरण! २०२०मध्ये त्याला वर्षाच्या सर्वोत्तम कोचचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला. आणि २०२२च्या जूनमध्ये ब्रुइन्सनं त्यालाही काढून टाकलं. आठवड्याभरात व्हेगास गोल्डन नाइट्सनं उचललं. त्याला वर्ष होतंय न होतंय तोच, १३ जून २०२३ला, व्हेगासनं फ्लोरिडा पँथर्सला ९-३ असं तुडवून स्टॅनली कप जिंकला.

त्या रात्रीची एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. व्हेगासचा संघ २०१७मध्ये नव्यानं उभा राहिला तेव्हा बाकीच्या संघांनी न राखलेल्या खेळाडूंमधून तो जमवला होता. त्या मूळच्यांना तिथं ‘मिसफिट्स’ म्हणायचे, आणि २०२३पर्यंत त्यांतले सहाच उरले होते. त्या सामन्याची सुरुवात करायला कॅसिडीनं त्यांतले पाच पाठवले, मार्शेसो, कार्लसन, स्मिथ, मॅकनॅब, थिओडोर. कप जिंकायच्या सामन्यात पहिला मान त्यांना. डावपेच म्हणून त्यात फार काही नव्हतं. पहिली फळी पाऊण मिनिटात बाहेर येतेच. पण नको असलेल्या माणसाला कुठल्या क्षणी पुढं करायचं, हे बेंचमागच्या माणसाला बरोबर ठाऊक होतं. कर्णधार मार्क स्टोनची त्याच वर्षी जानेवारीत पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, तो प्लेऑफला परत आला होता. त्यानं त्या रात्री तीन गोल मारले. मी बॉस्टनची असून टाळ्या वाजवल्या, हे इथं कुणाला सांगू नकोस.

हा एकटाच असा नाही. टो ब्लेक नावाचा मॉन्ट्रियलचा मोठा खेळाडू होता. खरं नाव हेक्टर. धाकट्या बहिणीला ते नीट म्हणता यायचं नाही, ती ‘हेक-टो’ म्हणायची, तेच आयुष्यभर चिकटलं. धाकट्या बहिणी असतातच अशा. १९४८मध्ये त्याचा घोटा मोडला आणि खेळ संपला. सात वर्षं लहान लीगमध्ये शिकवून तो १९५५मध्ये मॉन्ट्रियलचा कोच झाला आणि तेरा हंगामांत आठ स्टॅनली कप जिंकले. त्याचा विक्रम मोडणारा स्कॉटी बोमन तर व्यावसायिक होण्याआधीच संपला. १९५२मध्ये, अठरा वर्षांचा असताना, ज्युनिअर सामन्यात जाँ-गी टॅल्बो नावाच्या खेळाडूची काठी त्याच्या डोक्यावर बसली आणि कवटीला तडा गेला. बोमन मॉन्ट्रियलला रंगाच्या कंपनीत नोकरीला लागला. संध्याकाळी पोरांना शिकवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत जवळच्या फोरम या रिंकमध्ये जाऊन तिथल्या कॅनेडियन्स संघाचा सराव बघत बसायचा. पुढं मुख्य कोच म्हणून नऊ कप जिंकले त्यानं. २००२मध्ये शेवटचा जिंकला तेव्हा वय अडुसष्ट. स्केट्स घालून कप डोक्यावर धरून बर्फावर फिरला आणि तिथंच निवृत्ती सांगून टाकली.

पण मला बोमनचं दुसरंच आवडतं. १९६७मध्ये तो सेंट लुईसचा कोच झाला. काही महिन्यांत त्याच्या संघात एक खेळाडू दाखल झाला, जाँ-गी टॅल्बो. तोच. बोमननं त्याला खेळवलं, एक दिवस नाही, दोन-अडीच हंगाम. मला विचारशील तर मी नसतं खेळवलं. निदान पहिला महिनाभर बाकावर नक्की बसवलं असतं.

आता हेही ऐक, सगळ्यांना हे जमत नाही, आणि जमलंच पाहिजे असं नाही. तो बॉबी ऑर, कॅसिडीचा देव, त्याचेही गुडघेच गेले. तिसाव्या वर्षी त्याला थांबावं लागलं. शेवटी शेवटी शिकागोच्या बेंचवर सहायक कोच म्हणून उभा राहून पाहिलं त्यानं, पण तिथं रमला नाही. पुढं खेळाडूंचा एजंट झाला, त्यांचे करार बघायला लागला. आजवरचा सगळ्यात मोठा बचावपटू मानतात त्याला, आणि तो कोच झाला नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. तेव्हा सहा महिने शिकवून तुला कंटाळा आला तर सोडून दे. मावशीला मी समजावेन.

आणि बायकांना कोण विचारतं म्हणशील. जेसिका कॅम्बेल नावाची मुलगी आहे, कॅनडाकडून खेळलेली. ती जिथं खेळली ती लीगच पुढं २०१९मध्ये बंद पडली. ती मोठमोठ्या पुरुष खेळाडूंना स्केटिंग शिकवायला लागली, मग जर्मनीच्या पुरुष संघाबरोबर राहिली, मग दुय्यम लीगमध्ये सहायक झाली, आणि २०२४मध्ये सिएटल क्रॅकननं तिला घेतलं. एनएचएलमध्ये बेंचमागं पूर्णवेळ उभी राहणारी पहिली बाई. तीही खालूनच वर गेली, वरून कुणी दोर टाकला नाही.

बरं, उड्यांचं बोलू. तू ज्या उड्या मोजायला नाक मुरडतेस ना, तुझं लिगामेंट त्याच उडीत तुटलं. एका पायावर उतरलीस, गुडघा आत वळला, कडकन आवाज आला, हे तूच सांगितलंस. दिशा बदलायच्या आणि उड्या मारायच्या खेळांत मुलींचं एसीएल मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतं, हे आता सगळे क्रीडावैद्य सांगतात. आणि नीट उतरायला शिकवलं, गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून, रोज सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं, तर ते प्रमाण कमी होतं हेही सिद्ध झालंय. तुला कुणी शिकवलं होतं? नव्हतं. आपल्याकडे सूर्यनमस्कार, दोन फेऱ्या, आणि चला मॅटवर. त्या बारा वर्षांच्या पोरींच्या उड्या कुणीतरी एकेक करून बघायलाच हव्यात, आणि गुडघा आत वळतोय हे तुझ्याइतकं लवकर कुणाला दिसेल?

जायचं ठरवलंस तर पहिले काही दिवस नुसती बस. शिट्टी घेऊ नकोस, करून दाखवू नकोस. तुझा गुडघा अजून त्या लायकीचा नाही आणि तू ‘एकदाच’ म्हणत मॅटवर उतरशील हे मला पक्कं ठाऊक आहे. वही घे. कोण घाबरते, कोण दुखणं लपवते, कुणाचा पाय आधी सुटतो, ते लिही. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. एकविसाव्या वर्षी ते शोभतही नाहीत. ज्या पोरीला काहीच जमत नाही तिला पटकन बाजूला बसवू नकोस. तुला सगळं न शिकवता यायचं, म्हणून न येणाऱ्याला कुठं अडतं हे तुला अजून माहीत नाही, आणि ते तुला तीच शिकवील. आवडलं, मन लागलं, तर पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, नंतर वर्षाचा डिप्लोमा. त्याची माहिती तू काढ, पैशाचं मी बघते. हे घरात आत्ताच बोलू नकोस.

आणि सरांना भेटशील तेव्हा मानधन किती, ते आधी विचार. लाजू नकोस. ‘आपल्याच क्लबच्या मुली आहेत गं’ म्हणतील, म्हणू देत. जाण्यायेण्याचं भाडं, महिन्याचा आकडा, आठवड्यातले दिवस, हे सगळं कागदावर लिहून घे. मुलगी म्हटलं की फुकटात धरतात. बोमनसुद्धा रंगाच्या कंपनीचा पगार घरी आणून मग सराव बघायला जात होता. आणि काकांनी आणून दिलेला तो क्रीडा कोट्यातल्या नोकरीचा फॉर्म भरलास का, की तोही टेबलावर तसाच पडलाय?